पहिला पीस ओके

मुकुंदकाकांना कुठलीच गोष्ट तपासल्याशिवाय घरात घेता यायची नाही. भेंडी घेतली तर एक मोडून बघणार, नारळ घेतला तर कानाशी धरून हलवणार, आणि रद्दीवाल्याचा काटा तर ते स्वतःच्या दोन किलोच्या डंबेलने तपासायचे. रद्दीवाला त्यांच्या बिल्डिंगखाली आला की जरा हळूच ओरडायचा म्हणे.

पण त्यात त्यांची काही चूक नव्हती. आधी भोसरी, मग कंपनी चाकणला गेली तसे चाकण, असं करत गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या एकाच कंपनीत त्यांनी अख्खी नोकरी इन्स्पेक्शनमध्ये काढली. शिफ्ट सुरू झाली की मशीनवरून निघालेला पहिला पीस त्यांच्या टेबलावर यायचा. ते मापं घ्यायचे, उजेडात फिरवून बघायचे, हिरव्या पेनाने कागदावर सही करायचे, मग बाकीचा लॉट चालायचा. शिफ्ट संपताना शेवटचा पीसही तसाच बघायचे. मधल्या हजारो पीसची काळजी नाही, दोन्ही टोकं बरोबर असली की मधलं बरोबर असतं, असं ते सांगायचे. तळवड्याच्या त्या सोसायटीतल्या सगळ्या पोरांना हे पाठ झालेलं. अबोलीला तर जास्तच, कारण तिचं घर काकांच्या बरोबर वर.

अबोली एस. वाय. बी. कॉमला. टायपिंग इतकं फास्ट की तिची आई अरुंधती, जी शाळेत शिकवते, ती म्हणायची, "अगं आधी विचार तरी करत जा, मग बोटं चालव." अबोली तेवढ्यात दोन मेसेज पाठवून मोकळी झालेली असायची, त्यातला एक चुकीच्या माणसाला. भांडण करायचं तर तिनेच पहिलं, सॉरी म्हणायचं तर तिनेच पहिलं, रडायचं तर भर कॅन्टीनमध्ये.

तर या अबोलीच्या दारात मुकुंदकाका एक दिवस कागदांचा गठ्ठा घेऊन आले.

"टायपिंग करून देशील का गं? मराठीत."

"काय आहे काका?"

"काही नाही. एक गोष्ट आहे. मोठी झालीय जरा."

ती कादंबरी होती. बाद झालेल्या इन्स्पेक्शन रिपोर्टच्या कोऱ्या पाठीवर लिहिलेली, भोकं पाडून केबल टायने बांधलेली. काकांनी ती कंपनीच्या बसमध्ये लिहिली होती, जाताना चाळीस मिनिटं, येताना ट्रक अडकले नाहीत तर तेवढीच. तळवडे ते चाकण रस्त्यावरचा एकेक खड्डा त्या अक्षरात दिसायचा. सहा वर्षं लागली म्हणे. रिटायर होताना पेढ्यांचे बॉक्स वाटण्यापेक्षा सगळ्यांना हे पुस्तक द्यायचं, असं काकांच्या मनात होतं, आणि त्यांच्या बायकोला, सुमनकाकूलाही ते पटलं होतं, कारण पेढे काय, खाल्ले की संपले.

पुस्तकाचं नाव 'माडवेळची समई'. माडवेळ हे कोकणातलं समुद्रकाठचं एक छोटंसं गाव, काकांनीच बनवलेलं, पण काका स्वतः गुहागरच्या पुढचे, तेव्हा गाव कुठून आलं ते उघड होतं. शिमग्याच्या आदल्या दिवशी देवीच्या देवळातली पुरुषभर उंचीची जुनी पितळी समई गायब होते. शोध लावायला पोलीस येत नाहीत, पोस्टमन दत्तू येतो, सायकलवर. ज्या घरात चौकशीला जातो तिथे काहीतरी खातो. घावणे, सांदण, तळलेले बोंबील. पाचव्या प्रकरणात तर तो चौकशी विसरून पानावरून उठतो आणि ढेकर देऊन सरळ निघून जातो. अबोली टाईप करता करता एकटीच हसत बसायची. पुजाऱ्यावर संशय, मग होडीवाल्यावर, मग देवळाची झाडलोट करणाऱ्या गंगूवर, जिच्याकडे देवळाची किल्ली असते. गाव गंगूकडे वळून बघायला लागतं आणि अकरावं प्रकरण संपतं.

पहिलं प्रकरण टाईप झालं तेव्हा अबोलीने प्रिंट काढून काकांना दिली. काकांनी भिंग काढलं. दोन दिवस घेतले. एका ठिकाणी 'होडी' ऱ्हस्व पडली होती ती धरली. मग कागदाच्या कोपऱ्यात हिरव्या पेनाने सही केली.

"पहिला पीस ओके. चालू द्या लॉट."

"बाकीची प्रकरणं नाही बघणार?"

"बघितलं ना तुझं काम. शुद्धलेखन वगैरे तुला वाटेल तसं सुधार. मला विचारत बसू नकोस."

तुला वाटेल तसं. अबोलीला नंतर ते शब्द इतक्या वेळा आठवले की त्यांचा अर्थच उरेनासा झाला. तिने तेच कारण स्वतःला दिलं होतं ना.

बारावं प्रकरण बाकी प्रकरणांसारखं नव्हतं. ते बसमध्ये लिहिलेलं नव्हतं. अक्षर सरळ, एकसारखं, टेबलावर बसून लिहिलेलं. तरी खाडाखोड केवढी! पहिलं वाक्यच सात वेळा खोडलेलं. अबोलीने ते बघितलं आणि तिला फक्त एवढंच वाटलं की बरं झालं, वाचायला सोपं आहे. त्या प्रकरणात गावकी बसते, गंगूला विचारणार एवढ्यात नाटकात काम करणारा वसंता नावाचा पोरगा उठतो आणि सांगतो, समई मी नेली. नाटकातल्या देवळाच्या सीनला पाहिजे होती. परत आणताना होडीतून खाडीत पडली. गंगूचा काही संबंध नाही. संपलं.

"हे काय?" अबोली मोठ्याने म्हणाली. "चोर स्वतःच उठून सांगतो? मग त्या दत्तूने अकरा प्रकरणं सायकल कशाला मारली?"

परवा प्रेसला फाईल द्यायची होती. काका फर्स्ट शिफ्टला गेलेले. खाली जाऊन विचारता आलं असतं संध्याकाळी. फोन करता आला असता. पण डोक्यात शेवट आला होता आणि तो आला की अबोलीला थांबता येत नाही. तिने दीड तासात नवीन बारावं प्रकरण टाईप केलं. दत्तू गंगूकडे घावणे खायला जातो, चूल पेटत नाही म्हणून शेणी आणायला मागे जातो, आणि शेणींच्या ढिगात समई! सगळ्यांना वाटत होतं गंगू बिचारी आहे, आणि चोर गंगूच! शेवटचं वाक्य तिने स्वतःलाच तीनदा वाचून दाखवलं. "त्या दिवसापासून माडवेळने गंगूचं तोंड बघितलं नाही."

तिला अंगावर काटा आला होता. खरंच आला होता. काका वाचतील आणि म्हणतील, अरे वा, पोरीने काय रंगत आणली, असं तिला मनापासून वाटलं. सरप्राइज.

पुस्तकं आली. काकांनी एक उचललं, वास घेतला, पहिलं पान बघितलं, कागद दोन बोटांत धरून जाडी बघितली. शेवटाकडे गेलेच नाहीत. अबोली वाट बघत राहिली. मग तिला वाटलं, वाचतील सावकाश. मग परीक्षेचे फॉर्म आले आणि ती विसरली. विसरली! हे तिला सगळ्यात जास्त लागलं नंतर.

पुस्तकं आल्यावरच्या रविवारी काका एक कॉपी घेऊन तळेगावला जाऊन आले. शुक्रवारी कंपनीत निरोप समारंभ झाला, शाल, नारळ, कॅन्टीनमध्ये भाषणं, आणि प्रत्येकाच्या हातात 'माडवेळची समई'. साठ कॉपी वाटल्या. बसमध्ये लोक मोबाईल ठेवून वाचत होते असं काका सांगत आले, आणि सांगताना इतके लाजले की सुमनकाकूने त्यांच्या हातात उगाच पाण्याचा ग्लास दिला.

बुधवारी सकाळी कंपनीतले कोंडाजी गेटवर आले. कोंडाजी चाकणच्या जुन्या घराण्यातले, फोर्कलिफ्ट चालवायचे, सेकंड शिफ्ट होती म्हणून सकाळीच घरच्या कांद्याची गोणी द्यायला आले होते. अबोली कॉलेजला निघाली होती, काका गाडी पुसत होते.

"मुकुंदराव, काय डोकं हाय राव तुमचं!" कोंडाजींनी गोणी खाली ठेवली. "आमी म्हनलं तो होडीवालाच असंल. बायको म्हनली पुजारी. आन शेवटाला ती गंगूच निघाली की चोर! शेनीत समई! लय भारी, न्हाई पन लय भारी!"

काकांचा हात गाडीच्या सीटवर तसाच थांबला.

"कोण निघाली?"

"गंगू की! आता लिव्हनाऱ्यानं ईचारायचं व्हय मला?"

कोंडाजी हसत हसत गेले. काका हसले नाहीत. त्यांनी अबोलीकडे बघितलं, पण तसं रागाने नाही, घोळ कुठे झाला ते शोधताना कंपनीत बघत असतील तसं.

"काय गं, हे काय म्हणतायत?"

आणि अबोली म्हणाली, "प्रेसवाल्यांनी काहीतरी घोळ केला असेल काका."

एका सेकंदात. तोंडातून निघालंसुद्धा. काकांनी तिथेच फोन काढला आणि प्रेसवाल्या बंटीला लावला. शांत माणूस, पण त्या दिवशी गेटवर उभं राहून ते बंटीला असं बोलले की वॉचमन खुर्चीतून उठला. दुसऱ्याचं लिखाण घातलंस, झोपेत कामं करता, माणसाच्या आयुष्याचा खेळ करता. बंटी पलीकडून म्हणत होता, काका, पीडीएफ आली तशी छापली ओ, आईशप्पथ, मी मराठी वाचतसुद्धा नाही एवढी. अबोलीला त्याचा रडवेला आवाज ऐकू येत होता. ती गप्प उभी होती. दोन मिनिटं. दोन मिनिटं खूप असतात.

मग तिच्याने राहवलं नाही.

"काका, त्याला बोलू नका. मी केलं ते."

काकांनी फोन कानावरून काढला.

"मी बदललं. मला वाटलं... तुमचा शेवट साधा वाटला मला. मला वाटलं भारी होईल. सॉरी काका, खरंच सॉरी, मी आत्ता खोटंपण बोलले, मी..."

ती रडायला लागली होती, पण या वेळी रडण्याचीसुद्धा तिला लाज वाटत होती, म्हणून तिने ते गिळलं आणि तिला उचकी लागली. काकांनी बंटीला "नंतर बोलतो" एवढंच सांगितलं. मग गेटजवळच्या पायरीवर बसले. बराच वेळ त्यांनी फडकं घडी केलं, उघडलं, परत घडी केलं.

"शेवटचा पीस," ते म्हणाले. "आयुष्यभर दोन्ही बघत आलो. हा नाही बघितला. मला ते प्रकरण परत वाचायचंच नव्हतं."

"का काका?"

"वसंता म्हणजे मीच ना."

मग त्यांनी सांगितलं, तुटक तुटक, गोणीकडे बघत. एकोणीस वर्षांचे होते. गावच्या नाटकात काम होतं. समई न विचारता नेली, पलीकडच्या वाडीत नाटक झालं, परत आणताना होडी हलली आणि समई खाडीत. देवळाची झाडलोट चिमाबाई करायची, शेजारचीच, हे तिला वैनी म्हणायचे. किल्ली तिच्याकडे. कोणी तिला चोर म्हटलं नाही तोंडावर. फक्त किल्ली काढून घेतली. मग हळदीकुंकवाला बोलावणं बंद, मग विहिरीवर ती आली की बायका कळशी उचलायच्या. काका चौथ्या दिवशी मामाकडे पुण्याला आले, कंपनीत लागले. गावाला फारसे गेलेच नाहीत. पुढे चिमाबाईचा नवरा गेला, तिचा मुलगा तळेगावच्या एमआयडीसीत लागला आणि तिला घेऊन आला. तळेगाव! तळवड्यापासून गाडीवर तासभरसुद्धा नाही. आणि हे तिला सांगायला एकोणचाळीस वर्षं लागली, ते पण तोंडाने नाही.

"पहिली कॉपी तिलाच दिली. तिला मोतीबिंदू आहे, दिसत नाही नीट. म्हणाली, नात वाचून दाखवेल, रोज एक प्रकरण. मी म्हटलं बरं आहे. बाराव्या दिवशी कळेल तिला." त्यांनी बोटं मोजली. "मागल्याच्या मागल्या रविवारी दिलं. आज अकरावं."

"म्हणजे बारावं उद्या!" अबोली उभीच राहिली. "फोन करा ना!"

"मुलाचाच नंबर आहे. फर्स्ट शिफ्टला असेल तो, मोबाईल लॉकरमध्ये. आणि फोनवर सांगणार काय? शेवटचं वाचू नका? लगेच वाचतील."

अबोलीने त्यांच्या हातातलं फडकं काढून घेतलं. "बसा मागे. मी चालवते. कागद घ्या तुमचे."

देहू, मग तळेगावचा रस्ता. काका मागे बसलेले, मांडीवर तो केबल टायने बांधलेला गठ्ठा दोन्ही हातांनी धरून. अबोलीच्या डोक्यात तिचंच वाक्य फिरत होतं, त्या दिवसापासून माडवेळने गंगूचं तोंड बघितलं नाही, त्या दिवसापासून माडवेळने. किती छान जमलंय असं तिला वाटलं होतं. तिने ते कॉलेजच्या ग्रुपवर टाकलं होतं आणि सतरा जणांनी त्याला आगीच्या खुणा दिल्या होत्या.

चिमाबाईंचं घर तळेगाव दाभाड्यात, स्टेशनच्या बाजूला, चाळीसारख्या बैठ्या घरांत. दार नातीने उघडलं. स्वरूपा, बारावीतली, परीक्षेच्या सुट्टीत असेल, हातात हायलाइटर. काकांना बघून ती बाजूला झाली नाही. दारातच उभी राहिली.

"आजी, ते आलेत."

"येऊ दे," आतून आवाज आला.

अबोलीने धापा टाकत विचारलं, "कुठपर्यंत झालं गं? पुस्तक?"

"काल संपवलं. आजी थांबायलाच तयार नव्हती. तीन प्रकरणं एकदम वाचली."

झालं होतं. सगळं झालं होतं.

चिमाबाई पलंगावर बसल्या होत्या. बारीक बाई, मांडीवर शेंगांचं सूप, बोटं न बघता शेंगा सोलत होती. पुस्तक उशाशी होतं, वर्तमानपत्राचं कव्हर घातलेलं. असं कव्हर घालून ठेवलेलं पुस्तक बघून अबोलीला कुठे बघावं कळेना.

"बस मुकुंदा. स्वरूपा, चाय ठेव."

"वैनी..."

"पुस्तक चांगला झाला रे. तो दत्तू म्हणजे आपला पोस्टमन ना? तसाच खायचा मेला." त्यांनी एक शेंग फोडली. "माझा नाव बदललास तेवढा उपकार केलास."

काकांनी गठ्ठा छातीशी धरला. आणि अबोली, जिला कधी थांबता येत नाही, ती या वेळीही थांबली नाही.

"आजी, ते काकांनी नाही लिहिलं! शेवट मी बदलला. मी टाईप करत होते आणि मला वाटलं असं छान वाटेल, काकांना माहीतपण नव्हतं. त्यांनी वेगळंच लिहिलंय. माझी चूक आहे आजी."

चिमाबाईंनी मान वर केली. डोळे धुरकट होते, पण ते बरोबर अबोलीच्या तोंडावर येऊन थांबले. मग काकांकडे वळले.

"तेव्हा आळ घ्यायला मी होते," त्या म्हणाल्या, अगदी सहज. "आता ही पोर आणलंस काय?"

अबोलीला वाटलं कोणीतरी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं. ती खरं सांगत होती, आणि खरं सांगूनसुद्धा तिने काकांना अजून खाली ढकललं होतं. काकांनी गठ्ठा पुढे केला.

"वैनी, हे माझ्या हाताने लिहिलेलं आहे. शेवटचं प्रकरण. स्वरूपाला वाचायला सांगा."

"ती नको." चिमाबाईंनी सूप बाजूला ठेवलं. "हीपण नको. तू वाच."

काका स्टुलावर बसले. चष्मा पुसला. आत चहाचं पाणी उकळत होतं आणि बाहेरून लोणावळ्याकडची गाडी गेली, ती जाईपर्यंत ते थांबले. मग वाचायला लागले. गावकी बसली होती. पुजारी होता. गंगू एका कडेला उभी होती, पदर तोंडाला लावून. दत्तूने तिला विचारायला तोंड उघडलं. तेवढ्यात वसंता उठला आणि म्हणाला...

इथे ते अडकले. परत मागून वाचलं. वसंता उठला आणि म्हणाला. परत अडकले. कागद मांडीवर ठेवला, चष्मा काढला.

"वैनी, समई मी नेली. नाटकाला. खाडीत पडली माझ्या हातून. मी बोललो नाही."

सहा वर्षं बसमध्ये लिहिलेलं, बारा प्रकरणांचं पुस्तक, आणि बोलायला एवढंच होतं. अबोली भिंतीला टेकून उभी होती आणि तिला आपल्या त्या दीड तासाची, त्या शेणींची, त्या आगीच्या खुणांची इतकी लाज वाटली की तिला चप्पल घालून पळून जावंसं वाटलं. पण ती पळाली नाही. एवढं तरी.

"खाडीत खंय?" चिमाबाईंनी विचारलं.

"धक्क्याच्या अलीकडं. मोठ्या खडकाजवळ."

"मी त्याच खडकावर कालवं फोडायला बसायची रे." त्या जरा हसल्या, पण ते हसणं बघवत नव्हतं. "समई माझ्या पायाखाली, आणि गाव माझ्या घरात शोधताय."

"मला माफ करा म्हणायचंसुद्धा तोंड नाही."

"मग म्हणू नको." त्यांनी सूप परत मांडीवर घेतलं. "किल्ली काढून नेलेली माणसं सगळी गेली. सासू गेली, नवरा गेला. तो तर मरेपर्यंत मला विचारायचा, चिमे, खरा सांग, घेतलीस काय? आता तू कोणाला सांगणार?"

स्वरूपा चहा घेऊन आली आणि दारातच थांबली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं आणि काकांचा राग होता, दोन्ही.

"त्यांची पोरं आहेत गावात," काका म्हणाले. "सुना आहेत. मी गावात पुस्तक पाठवतो. खऱ्या शेवटाचं. घरटी एक."

"आणि तो वसंता काढ."

"काढतो."

"तुझा नाव घाल. आणि माझा घाल. गंगू कोण? मी चिमा हाय." मग त्यांनी अबोलीच्या दिशेने शेंगांचं सूप सरकवलं. "तू ये गो इकडं. बस. सोल. ह्याला टायपिंग येत नाय ना? मग तूच कर. पण ह्या वेळी ह्यानं सांगायचं आणि तू लिवायचं. मधी तुझा डोका नको."

अबोली बसली. शेंगा सोलल्या. किती सोलल्या तिला आठवत नाही. चहा गार झाला तरी कोणी काकांना घ्या म्हटलं नाही, आणि निघताना चिमाबाईंनी त्यांना परत ये असंही म्हटलं नाही. पुस्तक मात्र त्यांनी ठेवून घेतलं. "नवीन आलं की हा देईन," म्हणाल्या.

नवीन बारावं प्रकरण टाईप करायला अबोलीला चार दिवस लागले. तिच्या आईला वाटलं लॅपटॉप बिघडलाय. काका बाजूला खुर्ची घेऊन बसायचे, एकेक वाक्य सांगायचे, अबोली एकेक वाक्य लिहायची आणि वाचून दाखवायची. कधी काका मधेच गप्प व्हायचे. तेव्हा तीही गप्प बसायची, बोटं मांडीवर ठेवून. वाक्य तिला सुचायचं. सुचलं की ती बोटं आणखी घट्ट धरायची. प्रिंट काढली तेव्हा काकांनी पहिलं पान बघितलं, मग सगळी मधली पानं बघितली, मग शेवटचं पान भिंग लावून दोनदा बघितलं. सही केली. अबोलीने बंटीच्या प्रेसमध्ये स्वतः जाऊन त्याला सॉरी म्हटलं. तो म्हणाला, "ताई, चालतंय." पण चहा विचारला नाही, नेहमी विचारायचा.

वाटलेल्या कॉपी परत गोळा करायचं काम तिने मागून घेतलं. कंपनीतल्या माणसांना काकांनी फोन करून सांगितलं होतं, आणि पुढचा आठवडाभर अबोली रोज शिफ्टच्या वेळी कंपनीच्या बसच्या स्टॉपवर पिशवी घेऊन उभी राहायची. नवीन द्यायची, जुनी घ्यायची. प्रत्येकाला का ते सांगायचं, तिने ठरवलं होतं. "शेवट मी बदलला होता. खरा हा आहे." काही जण नुसते बघायचे. कोंडाजींनी सोसायटीच्या गेटवर येऊन पुस्तक परत देताना कान पकडला, स्वतःचा. "मी लय भारी म्हनलो व्हतो त्यांच्या तोंडावर. काय वाटलं असंल त्या मानसाला?"

संघर्ष नावाचा एक ट्रेनी होता, तिच्याच वयाचा. त्याने नवीन पुस्तक घेतलं, जुनं दिलं नाही.

"राहू दे ना माझ्याकडे. खरं सांगू, मला तोच शेवट आवडला. भारी होता."

महिन्यापूर्वी हे ऐकून अबोली घरी उड्या मारत गेली असती.

"प्लीज दे," ती म्हणाली.

"अगं गोष्ट आहे, एवढं काय?"

"दे ना प्लीज."

बस आली, तो चढला, पुस्तक त्याच्या बॅगेतच. साठमधली सत्तावन्न परत आली. एक त्याच्याकडे राहिलं, एक कोणाच्या तरी भावाने लातूरला नेलं, एक कुठे गेलं कोणालाच माहीत नाही. त्या तीन पुस्तकांत गंगू अजून चोर आहे, शेणींच्या ढिगात समई आहे, आणि माडवेळने तिचं तोंड बघितलेलं नाही.

अबोलीने काकांना आकडा सांगितला. काकांनी मान हलवली. कंपनीत सदोष पीस गिऱ्हाइकाकडे गेला की काय करतात, ते त्यांनी कधीतरी सगळ्या पोरांना सांगितलेलं, मिळेपर्यंत शोधायचा, फाईल बंद करायची नाही. ते आत्ता ते बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "संघर्ष कुठल्या शिफ्टला आहे?"

"या आठवड्यात फर्स्ट," अबोली म्हणाली. "उद्या परत जाते."